वाचकांचे प्रश्न: मोरोक्कोचा अयूब अल काबी, सुतारकाम ते युरोपची फायनल

गेल्या अंकात मोरोक्कोच्या टीमवर चार ओळी लिहिल्या आणि त्यातल्या अयूब अल काबी या एका नावावर इतकी पत्रं आणि मेल आले की यावेळचं सगळं सदर त्यालाच देतोय. क्रिकेटचे प्रश्न पुढच्या वेळी नक्की.

प्रश्न (कोल्हापूर): डिसेंबरमध्ये आफ्रिका कपच्या पहिल्याच मॅचला मोरोक्कोच्या एका प्लेअरने मारलेली बायसिकल किक आमच्या ग्रुपवर पन्नास वेळा फिरली. आम्ही पोरं लहानपणापासून फुटबॉल बघतो, पण हे नाव आधी कधी ऐकलं नव्हतं. इतके दिवस हा होता कुठे?

उत्तर: तो अयूब अल काबी. मॅच २१ डिसेंबर २०२५ ची, रबातमध्ये, समोर कोमोरोस, मोरोक्कोने २-० जिंकली आणि दुसरा गोल याचा. सबस्टिट्यूट म्हणून आत आला होता आणि थोड्याच वेळात पाठ गोलकडे करून हवेत उलटा झाला. नंतर झांबियाच्या मॅचमध्ये दोन गोल मारले, त्यातला एक परत तसाच उलटा, म्हणजे पहिला नशिबाने लागला असं कुणी म्हणू शकत नाही.

इतके दिवस कुठे होता, हा प्रश्न मात्र लाखमोलाचा आहे, कारण त्याच्या करिअरची गोष्ट तिथेच दडलीय. जन्म २५ जून १९९३, कासाब्लांका. म्हणजे ही किक मारली तेव्हा वय बत्तीस. त्याच्याच टीममधल्या बऱ्याच जणांना विसाव्या वर्षाच्या आत युरोपात किंवा मोठ्या अकादमीत जागा मिळाली होती, आणि हा तेविसाव्या वर्षी मोरोक्कोच्या सेकंड डिव्हिजनमध्ये रासिंग कासाब्लांका नावाच्या जुन्या पण त्यावेळी मागे पडलेल्या क्लबकडून खेळत होता. तुम्ही ऐकलं नव्हतं यात तुमची काही चूक नाही, त्याच्या स्वतःच्या देशातसुद्धा २०१७ पर्यंत फार लोकांना तो माहीत नव्हता.

प्रश्न (नाशिक): तो आधी सुतार होता असं एका व्हिडिओत ऐकलं. खरं आहे की उगाच रंगवून सांगतात?

उत्तर: खरं आहे. कासाब्लांकातल्या दर्ब मिलान भागात तो वाढला. दर्ब म्हणजे त्यांच्याकडे गल्ली किंवा मोहल्ला, आपल्याकडे पेठ म्हणतो तसं. घरची परिस्थिती बेताची, फुटबॉलवर पोट भरेल अशी काही खात्री नाही, म्हणून सुतारकाम केलं आणि त्याच्या बाजूने खेळ चालू ठेवला.

एक गोष्ट मला आवर्जून सांगायचीय. मोरोक्कोमध्ये सालेला मोहम्मद सहावे यांच्या नावाची मोठी अकादमी आहे, हॉस्टेल, शाळा, मैदानं सगळं एकाच ठिकाणी, आणि युसुफ एन-नेसिरी, नायफ अगेर्द, अझेद्दिन उनाही हे तिथून तयार होऊन निघाले. अल काबी त्यातला नाही, गल्लीत खेळून वर आलेला आहे. त्यामुळे त्याच्या खेळात अकादमीचा सफाईदारपणा कमी आणि बॉक्समधली, म्हणजे गोलसमोरच्या चौकटीतली, हावरी नजर जास्त दिसते. बॉल दोन-तीन वेळा अडवून, सजवून मारणं हे त्याचं काम नाही, आला की मारला. डोकं, गुडघा, टाच, जे आधी पोचेल ते.

प्रश्न (ठाणे): नाव नक्की कसं लिहायचं? एल काबी, अल काबी की काआबी?

उत्तर: मूळ अरबीत ते 'अल' आहे, मोरोक्कोत फ्रेंच पद्धतीने लिहितात म्हणून सगळीकडे 'एल' दिसतं. 'का' नंतर घशातून एक अक्षर येतं ते आपल्या लिपीत बसत नाही. मी अल काबी लिहितो, तुम्ही एल काबी लिहिलंत तरी चालेल.

प्रश्न (पुणे): सेकंड डिव्हिजनमधला प्लेअर वर्षभरात वर्ल्डकपच्या टीममध्ये कसा पोचला? मधे काय झालं ते नीट सांगा.

उत्तर: मधे चॅन झालं. यावर मी जरा लांब लिहिणार आहे कारण आपल्याकडे ही स्पर्धा फारशी कुणाला माहीत नाही आणि माझ्या मते अल काबीची अख्खी गोष्ट तिच्यावर टेकलेली आहे.

आफ्रिकेत दोन वेगवेगळ्या स्पर्धा होतात. एक आफ्रिका कप, तिथे युरोपात खेळणारे सगळे स्टार येतात. दुसरी चॅन, २००९ पासून सुरू झालेली, आणि हिचा नियम असा की ज्या देशाची टीम, त्याच देशाच्या लीगमध्ये खेळणारेच प्लेअर चालतात. सेनेगलची टीम असेल तर सेनेगलच्या लीगमधलेच, पॅरिस-लंडनवाला एकही नाही. त्यामुळे काय होतं, एरवी नॅशनल टीमच्या आसपासही ज्यांना कुणी फिरकू देणार नाही अशा प्लेअरना देशाचा टीशर्ट मिळतो, टीव्हीवर दिसतात, आणि स्टँडमध्ये बाहेरच्या क्लबांचे स्काऊट बसलेले असतात.

आता क्रम बघा. २०१६-१७ ला रासिंगकडून सेकंड डिव्हिजनमध्ये २५ गोल. त्यावर आर एस बर्कान या पहिल्या डिव्हिजनच्या क्लबने उचलला. तिथे सहा महिनेही धड झाले नाहीत तोवर जानेवारी २०१८ मध्ये चॅन मोरोक्कोतच भरली आणि कोच जमाल सेलामींनी याला घेतलं. पहिल्या मॅचला मॉरिटानियाविरुद्ध दोन. गिनीविरुद्ध हॅटट्रिक. नामिबियाला क्वार्टर फायनलमध्ये एक, लिबियाला सेमीत दोन, आणि ४ फेब्रुवारीला फायनलमध्ये नायजेरियाला ४-० हरवलं त्यात एक. एकूण ९, आणि एका स्पर्धेत इतके गोल तोवर कुणी मारले नव्हते. फायनल कुठे, तर कासाब्लांकातच, मोहम्मद पाचवे स्टेडियमवर, त्याच्या स्वतःच्या गावात. चार महिन्यांनी मेन टीमचे कोच एर्व्हे रनार यांनी रशियाच्या वर्ल्डकपला नेला आणि इराणविरुद्धच्या पहिल्याच मॅचला सुरुवातीपासून खेळवला. ती मॅच मोरोक्को शेवटच्या मिनिटांत स्वतःच्याच गोलमुळे हरला ते सोडा, पण पंधरा-सोळा महिन्यांपूर्वी सेकंड डिव्हिजन आणि आता सेंट पीटर्सबर्ग.

गुणवत्ता त्याची होतीच, ती काही चॅनने दिली नाही, पण ती दिसायला खिडकी लागते आणि ती खिडकी त्याच्या फेडरेशनने उघडी ठेवली होती. मोरोक्कोने पुढच्या चॅनलाही अशीच टीम पाठवली, तिथे सुफियान रहीमी पाच गोल मारून टॉप स्कोरर ठरला, आणि तोच रहीमी २०२४ ला अल ऐनकडून आशियाई चॅम्पियन्स लीग जिंकला, १३ गोलांसह, आणि त्याच वर्षी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ८ गोल मारून देशाला ब्राँझ मिळवून दिलं. म्हणजे हा एकट्यादुकट्याचा योगायोग नाही.

प्रश्न (मुंबई, परळ): वर्ल्डकप खेळून झाल्यावर युरोप सोडून चीनला गेला, पैशासाठीच ना? करिअर तिथेच वाया गेलं असतं.

उत्तर: पैसा होताच आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही. ज्याने रंधा मारून घर चालवलंय त्याला पंचविसाव्या वर्षी चीनच्या हेबेई क्लबने तेवढी रक्कम दिली तर नको कोण म्हणेल? खेळाच्या दृष्टीने मात्र तो काळ पातळ गेला हे मान्य. पण त्याने नंतर जे केलं ते मला जास्त आवडतं, परत कासाब्लांकाला आला, तिथल्या विदाद क्लबकडून खेळला, २०२०-२१ ला लीग जिंकली आणि लीगमध्ये सगळ्यात जास्त गोलही त्याचेच. अठ्ठाविसाव्या वर्षी तुर्कस्तानात हातायस्पोरला गेला. लोक वर चढतात तो जिना हा दोनदा चढला.

प्रश्न (लातूर): हातायस्पोर म्हणजे भूकंपवाला क्लब ना? आमच्याकडे १९९३ झालंय त्यामुळे ते नाव लक्षात राहिलं.

उत्तर: हो, तोच. तुमचं पत्र वाचून थोडा वेळ काही लिहिता आलं नाही. तुमचा भूकंप आणि अल काबीचा जन्म एकाच वर्षातला, हे मला तुमच्या पत्रामुळेच सुचलं.

हातायस्पोर अंताक्याचा क्लब. ६ फेब्रुवारी २०२३ च्या पहाटे शहर कोसळलं. आदल्याच संध्याकाळी त्यांची मॅच होती, घानाचा ख्रिस्तियन आत्सू याने अगदी शेवटी फ्री किकवर गोल मारून ती जिंकून दिली होती, आणि काही तासांनी तो ढिगाऱ्याखाली गेला. क्लबचे स्पोर्टिंग डायरेक्टर तानेर सावुत हेही गेले. अल काबी त्या सीझनला त्याच टीममध्ये होता. क्लबने उरलेल्या लीगमधून माघार घेतली, प्लेअर पांगले, हा लोनवर कतारच्या अल सादला गेला. वय तीस होत आलेलं, क्लब नाही, शहर नाही, आणि दोनच महिन्यांपूर्वी त्याचा देश वर्ल्डकपची सेमी फायनल त्याच्याशिवाय खेळून आलेला.

प्रश्न (नागपूर): म्हणजे २०२२ च्या कतार वर्ल्डकपला तो नव्हता? का घेतला नाही?

उत्तर: नव्हता. कोच वलीद रेग्रागुईंनी पुढच्या फळीत एन-नेसिरीवर भरवसा ठेवला, जोडीला हमदल्ला आणि चेदिरा. एन-नेसिरीने पोर्तुगालविरुद्ध हवेत उंच उडून जो हेडर मारला त्याने आफ्रिकेचा पहिला देश सेमीत गेला, त्यामुळे निवड चुकली असं म्हणायला तोंड नाही. तरी आत कुठेतरी लागतंच. २०१८ लाही असंच काहीसं, २५ जूनला मोरोक्को-स्पेन २-२ झाली त्यात एन-नेसिरीने बदली म्हणून येऊन गोल मारला, आणि तो दिवस अल काबीचा पंचविसावा वाढदिवस होता. एन-नेसिरी याच्यापेक्षा चार वर्षांनी लहान, आणि दोन्ही वर्ल्डकपला मोरोक्कोच्या नऊ नंबरचा, म्हणजे मुख्य स्ट्रायकरचा, गोल त्याच्या डोक्यातून आला.

प्रश्न (सांगली): युरोपची फायनल त्याने जिंकवली म्हणतात, ती कुठली? चॅम्पियन्स लीग तर नाही.

उत्तर: कॉन्फरन्स लीग, युरोपातली तिसऱ्या नंबरची स्पर्धा. तिसऱ्या नंबरची म्हणून सोडून देऊ नका, कारण त्याआधी ग्रीसच्या एकाही क्लबने युरोपचा कुठलाच कप जिंकला नव्हता.

२०२३ च्या उन्हाळ्यात ग्रीसमधल्या पिरेयसच्या ऑलिंपियाकोस क्लबने त्याला घेतलं. सीझन इतका डळमळीत की फेब्रुवारीपर्यंत तिसरा कोच आला, स्पेनचे मेंदिलिबार. हे मेंदिलिबार म्हणजे आदल्या वर्षी सेव्हियाला युरोपा लीग जिंकून देणारे, आणि तिथे त्यांचा नऊ नंबर होता आपला एन-नेसिरी! दोन वर्षं, दोन क्लब, दोन कप, आणि दोन्हीकडे पुढे मोरोक्कोचा माणूस. मेंदिलिबारांचा खेळ साधा, बॉल लवकर पुढे, विंगवरून क्रॉस, बॉक्समध्ये माणसं. अल काबीला आणखी काय पाहिजे.

राऊंड ऑफ १६ मध्ये मक्काबी तेल अवीवकडून घरच्या मैदानावर १-४ हरले. सगळ्यांनी सामान आवरलं होतं. परतीच्या मॅचला एक्स्ट्रा टाइममध्ये ६-१! मग तुर्कस्तानचा फेनेर्बाहचे, पेनल्टीवर, गोलकीपर त्झोलाकिसने तीन अडवल्या. मग सेमीला ॲस्टन व्हिला, जे त्यावेळी इंग्लंडमध्ये पहिल्या चारात होते. २ मे ला बर्मिंगहॅममध्ये अल काबीची हॅटट्रिक, ४-२. पहिल्याच गोलला लाइन्समनने ऑफसाइडचा झेंडा वर केला आणि व्हीएआरने, म्हणजे व्हिडिओ बघून तपासणाऱ्या रेफरीने, तो परत दिला. आठवड्याने पिरेयसला आणखी दोन. म्हणजे प्रीमियर लीगच्या टीमला दोन मॅचमध्ये पाच.

२९ मे ला फायनल अथेन्समध्ये, पण स्टेडियम एईके या क्लबचं, कट्टर वैऱ्यांचं. समोर इटलीचा फिओरेंतिना, जे आदल्या वर्षीही याच कपची फायनल हरलेले, त्यामुळे तेही जिवावर उदार. ९० मिनिटं काही नाही. एक्स्ट्रा टाइमचाही पहिला भाग गेला. आपल्याकडे पहाटेचे तीन वाजत आले होते, मी जागा होतो, डोळे मिटत होते आणि मिटू देत नव्हतो. ११६ व्या मिनिटाला डावीकडून सांतियागो एझेचा क्रॉस आला, खाली, गुडघ्याच्या उंचीचा, तो पायाने मारायचा बॉल होता खरं तर, आणि अल काबी डिफेंडरच्या पुढे घुसून झुकला आणि डोक्याने ढकलला. मग व्हीएआर. बराच वेळ रेघा तपासत बसले. गोल!

त्या कॉन्फरन्स लीगच्या बाद फेऱ्यांत त्याचे ११ गोल झाले आणि स्पर्धेचा बेस्ट प्लेअरही तोच. फायनलच्या दिवशी त्याला ३१ पूर्ण व्हायला एक महिना बाकी होता. पुढच्या वर्षी ऑलिंपियाकोसने ग्रीसची लीग आणि कप दोन्ही घेतले, त्यातही हा होताच.

प्रश्न (सातारा, एक पालक): माझा मुलगा १७ वर्षांचा, फॉरवर्ड खेळतो. तीन ठिकाणी ट्रायल दिल्या, निवड झाली नाही, एका ठिकाणी तर सांगितलं की आता वय गेलं. अल काबीचं वाचून त्याला परत हुरूप आलाय. मी त्याला थांबवू की खेळू देऊ?

उत्तर: खेळू द्या. पण अल काबीचं नाव घेऊन मी तुम्हाला खोटी आशा देणार नाही, कारण त्याच्यासारखे हजारो दर्ब मिलानमध्ये खेळले असतील आणि त्यातला एक आपण बघतोय.

सतराव्या वर्षी वय गेलं हे मात्र मला पटत नाही. डिफेंडरची, गोलकीपरची तर सोडाच, फॉरवर्डचीही अक्कल मॅच खेळूनच पिकते. अल काबीने काय केलं ते बारकाईने बघा. त्याने काम सोडलं नाही, तसं तुमच्या मुलाने शिक्षण किंवा जे कौशल्य असेल ते सोडू नये. आणि तो लहान क्लबमध्ये का होईना पण दर आठवड्याला खेळत राहिला. तुम्ही पत्रात तीन ट्रायलबद्दल लिहिलंय, पण मुलाने यावर्षी मॅच किती खेळल्या ते लिहिलं नाहीत, आणि मला तोच आकडा पाहिजे होता. ट्रायलमध्ये पन्नास पोरांच्या गर्दीत फॉरवर्डला बॉलच मिळत नाही, काय दाखवणार तो? जवळ कोल्हापूर आहे, तिथल्या लीगला पेठांच्या टीम खेळतात आणि शाहू स्टेडियम भरतं, पुण्यात डिव्हिजनच्या लीग आहेत, मुंबईत आहेत. खालच्या डिव्हिजनची टीम असली तरी चालेल पण वर्षाला तीस मॅच पायाखालून गेल्या पाहिजेत.

चॅनसारखी खिडकी आपल्याकडे अगदीच नाही असंही नाही. संतोष ट्रॉफी आहे, १९४१ पासून चालू आहे. २०२२ ला केरळचा जेसिन टी के सेमीमध्ये सबस्टिट्यूट म्हणून आला आणि कर्नाटकाला पाच गोल मारले, त्यानंतर ईस्ट बंगालने घेतला. मोरोक्को जेवढा जीव चॅनमध्ये ओततो तेवढा आपण संतोष ट्रॉफीत ओतत नाही याचं मला फार वाईट वाटतं, पण दार आहे.

आणि सरावात एक बदल करायला सांगा. एका टचमध्ये गोल मारणे. बाजूने कुणीतरी क्रॉस टाकायचा, जमिनीवरून, उडता, मागे, आणि मुलाने बॉल न अडवता मारायचा, उजव्या पायाने, डाव्याने, डोक्याने. रोज पन्नास.

प्रश्न (म्हापसा, गोवा): आमच्या एफसी गोवामध्ये नोआ सदौई होता, तोही मोरोक्कोचा. अल काबी आणि तो एकत्र खेळलेत का? आणि मोरोक्कोचेच इतके लोक आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) कसे?

उत्तर: दोघंही १९९३ चे आणि दोघंही कासाब्लांकाचे, एवढं साम्य आहे. पण नोआ लहानपणीच अमेरिकेला गेला आणि मग इस्रायल, दक्षिण आफ्रिका, ओमान, इजिप्त असं फिरत फिरत कासाब्लांकाच्या राजा क्लबला पोचला, तिथून रबातचा लष्करी क्लब आणि २०२२ ला तुमच्याकडे. फातोर्ड्याला तो डावीकडून आत कापत यायचा तेव्हा सगळं स्टँड उभं राहायचं हे मी स्वतः बघितलंय. खेळ अल काबीच्या उलटा, याला बॉल पायात हवा असतो, त्याला बॉक्समध्ये.

अल काबीच्या जवळचा खेळ बघायचा असेल तर नॉर्थईस्ट युनायटेडचा अलाउद्दीन अजारेई. २०२४ ला ड्युरंड कपच्या फायनलला मोहन बागानविरुद्ध ०-२ मागे असताना पहिला गोल त्याने परत केला आणि पेनल्टीवर नॉर्थईस्टने आपला पहिला मोठा कप उचलला. नंतर २०२४-२५ च्या आयएसएलमध्ये २३ गोल, आधीचा एका सीझनचा विक्रम १८ चा होता. तोही तिशी ओलांडलेला. मोरोक्कोच्या लीगमध्ये दर्जा चांगला आहे, स्पर्धा मोठी आहे, आणि युरोपने ज्यांना वेळेत बघितलं नाही असे तयार प्लेअर तिथे बरेच असतात. आपल्या क्लबांना ते परवडतात आणि आल्यावर लगेच कामाला लागतात. अहमद जाहू आधी तुमच्याकडे आणि मग मुंबई सिटीत मधली फळी कशी चालवायचा ते आठवा.

प्रश्न (रत्नागिरी, इयत्ता नववी): मला ती बायसिकल किक शिकायचीय. गच्चीवर गादी टाकून केली तर चालेल का?

उत्तर: गच्चीवर अजिबात नको बाळा, गादी सरकते आणि खाली सिमेंट आहे. तुझ्याकडे समुद्र आहे ना, भाट्याच्या वाळूत कर, ओहोटीला, मोठं कुणीतरी सोबत घेऊन. ज्या पायाने मारायचं त्याच पायावर उडायचं, दुसरा पाय आधी वर फेकायचा, तो खाली येताना मारायचा पाय आपोआप वर जातो. पडताना हात थोडे वाकवून आधी जमिनीला लावायचे, कोपर ताठ ठेवलंस तर मनगट जाईल, आणि हनुवटी छातीकडे म्हणजे डोकं आपटत नाही. पहिले आठ दिवस बॉल घेऊच नको, नुसतं पडायला शीक.